न सांगायची पुडी

ते आधी हात बघायचे. नाडी नाही, जीभ नाही, सोबत आणलेले कागद तर मुळीच नाहीत. पेशंट स्टुलावर बसला की त्याचे दोन्ही पंजे आपल्या हातात घ्यायचे, उलटे करायचे, सुलटे करायचे, मग एकेक बोट पेरापेराशी हलकं दाबून बघायचे. बाजारात आपण भेंडीचं टोक मोडून बघतो आणि विकणारी बाई आपल्याकडे रागाने बघत असते, तसं काहीसं ते दृश्य असे. हे चालू असताना पेशंट आपली कहाणी सांगत राही. कहाणी संपली की डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणत, "तुमी सांगता ते मले पटून नाही राह्यलं."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर खरं बोलतानासुद्धा आपण खोटं बोलतोय असं वाटतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असा माणूस दवाखाना टाकून बसला होता. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे, उंच, थोडे वाकलेले. लोक त्यांना शंकावाले डॉक्टर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. तालुक्याचा रिपोर्ट आला तर ते जिल्ह्याचा मागवत. जिल्ह्याचा आला तर म्हणत, एकदा नागपूरचा पाहू. नागपूरचाही आला की तो खिडकीशी धरून असा बघत, जणू कुणी रात्रीतून आकडे खोडून लिहिलेत. बिरसा तालुक्याकडून एक वनरक्षक सांधे धरून आला. त्या पट्ट्यात सिकलचा, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या रोगाचा, आजार पुष्कळ, आणि अंग दुखलं की सगळे सिकल म्हणूनच सोडून देतात. डॉक्टरांनी त्याला विचारलं, सिकल आहे हे कोणी सांगितलं. तो म्हणाला, सगळेच सांगतात. डॉक्टर म्हणाले, "सगळे म्हणजे कोण? त्याचं नाव सांग." पुन्हा तपासलं तर सिकल नव्हतं, दुसरंच काही होतं.

बायकांनी नेलपॉलिश लावून आलेलं त्यांना चालत नसे. ते काढून यायला परत पाठवत. त्यांच्यामुळे शेजारच्या जनरल स्टोअरवाल्याने पॉलिश काढायच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली, आणि त्यावरूनही लोकांनी संशय घेतला की दोघांचं काहीतरी ठरलेलं आहे. खरं कारण मला पुढे कळलं. नखाच्या मुळाशी कातडीच्या कडेला केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. डॉक्टर तिथे खोबरेल तेलाचा थेंब टाकून, भिंग असलेल्या छोट्या दिव्याने त्या बघत. त्या फुगलेल्या किंवा वाकड्यातिकड्या दिसल्या की त्यांच्या भुवया वर जात. मग पेशंटची सुटका नसे.

आता माझ्या घरची गोष्ट. मी सिंचाई विभागातला बाबू, पण घरात माझा हुद्दा वैद्याचा. हा हुद्दा मला कुणी दिलेला नाही, आणि कुणाला माझ्याकडून काढूनही घेता आलेला नाही. माझी बायको कुंदा वर्षभर काहीबाही सांगत होती आणि मी प्रत्येकाचा वेगळा निकाल देत होतो. ताप येतो? मलेरिया. आमच्या जिल्ह्यात ताप म्हटलं की आधी मलेरियाच. थकवा? लोह कमी. केस गळतात? पाणी बदललं. सकाळी बोटं आखडतात, बादली उचलत नाही? वय झालं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घालून ती खाली आली तेव्हा दोन्ही गाल आणि नाक लालबुंद झालं होतं. मी म्हणालो, लग्नात नव्हती एवढी गुलाबी दिसते. घरी आलेले पाहुणेही म्हणाले, कुंदाच्या चेहऱ्यावर तेज आलं. ते तेज जाईना तेव्हा मी वांगाचं क्रीम आणून दिलं.

मग एकाएकी ती बरी झाली. बोटं सैल झाली, ताप गेला, भूक वाढली, चेहरा भरला. त्या दिवसांत मी तिला रोज सकाळी बिटाचा रस देत होतो. श्रेय कुणाचं हे सांगायला नको. मी ऑफिसात बिटावर भाषणं देऊ लागलो. आमच्या मोठ्या बाबूंनी माझ्या सांगण्यावरून बीट सुरू केलं आणि त्यांचं पोट बिघडलं, तरी मी मागे हटलो नाही.

पण दोन-तीन महिन्यांनी कुंदाच्या पायावर सूज दिसू लागली. चपलेचा पट्टा काढला की त्याची खाच तशीच राही. बिटाच्या शास्त्रात याला उत्तर नव्हतं. मी तिला शंकावाल्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी हात घेतले. बोटं दाबली. तिला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि गालाकडे बराच वेळ पाहिलं. नाकाच्या पाकळीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते ना, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "सारं लाल आहे अन् एवढी घडी कोरी. काहून?" मला वाटलं मलाच विचारतात. मी म्हणालो, क्रीम तिथपर्यंत लागलं नसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.

तोंड उघडायला लावून टाळूवर बॅटरी मारली. तिथे फोड होता. कुंदाला त्याचा पत्ताही नव्हता, कारण तो दुखत नव्हता. मग प्रश्न सुरू झाले. उन्हात गेल्यावर त्रास वाढतो का. लघवीला फेस येतो का. थंड पाण्यात बोटांचं काय होतं. कुंदा म्हणाली, पौषात तांदूळ धुताना बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होतात, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. वीस वर्षं मी तिने धुतलेल्या तांदळाचा भात खातो आहे. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"पोटातलं मूल कधी गेलं होतं का?" त्यांनी विचारलं.

मी खुर्चीत ताठ झालो. पायाच्या सुजेचा आणि या प्रश्नाचा काय संबंध? पण कुंदाने शांतपणे सांगितलं, एक. आमच्या मुलाच्या आधी. पाचवा महिना होता.  तिचा हात, जो तेव्हा तपासायचाही नव्हता, डॉक्टरांनी थोडा वेळ धरून ठेवला.

नंतर लघवीचा नमुना मागून स्वतःच काचेच्या नळीत घेतला आणि नळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरला. प्रयोगशाळेवरही विश्वास नाही, म्हणून हा जुना उद्योग. बघता बघता नळीचं तोंड पांढरं झालं, तांदळाच्या पेजेसारखं. त्यात आम्लाचे दोन थेंब टाकून त्यांनी पुन्हा बघितलं. पांढरं तसंच राहिलं, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती.

"एकेक गोष्ट अलग घेतली तं काही नाही," ते म्हणाले. "ताप कोणाले येत नाही? केस कोणाचे जात नाही? पण ह्या साऱ्या मिळून एकाच गल्लीत शिरून राह्यल्या. अंगात पहारा असते, बाबू. त्या पहारेकऱ्याले घरच्याच माणसावर शंका आली का तो लाठी घेऊन सुटते. आज बोटं, उद्या चेहरा, परवा किडनी, कधी पोटातलं मूल. म्हणून हा आजार लवकर सापडत नाही. लोक एकाच खोलीत पाहतात."

मला मनात आलं, एवढ्या संशयी माणसाला हा संशयाचाच आजार सापडायचा होता. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते पुन्हा कुंदाच्या बोटांकडे वळले. म्हणाले, हे सारं असेल तर बोटं सुजलेली पाहिजेत. सुजलेली नाहीत. ताप पाहिजे, ताप नाही. आणि चेहरा असा गोल कसा झाला?

मी बिटाचा उल्लेख केला.

"बिटानं असं होत असतं तं मी दवाखाना बंद करून बीट विकलं असतं," ते म्हणाले आणि कुंदाकडे झुकले. "बाई, आणखी काय घेता?"

"काही नाई," कुंदा म्हणाली.

"पटून नाही राह्यलं."

तिने मान खाली घातली. मला राग आला. माझी बायको खोटं बोलते असं कुणी माझ्यासमोर म्हणावं, आणि तेही तिने माझ्यासमोर आयुष्यभर नको इतकं खरं बोलून ठेवलेलं असताना. रक्ताचे नमुने नागपूरला पाठवायचे ठरले. बाहेर पडताना मी तिला म्हणालो, याचं नागपूरवाल्यांशी काहीतरी असणार. ती पदर सावरत पुढे चालत राहिली. एरवी माझ्या अशा वाक्यांना ती मोकळं सोडत नाही.

पुढचा आठवडा मी दवाखान्यासमोरच्या पानठेल्यावर काढला. मी पान खात नाही, त्यामुळे माझा वेश फारसा जमला नसावा. कोण येतं, कोण पाकीट देऊन जातं, यावर माझी नजर. एक दिवस औषध कंपनीचा एक तरुण चकचकीत डबा घेऊन आत गेला आणि लगेच तोच डबा घेऊन बाहेर आला. पानवाला म्हणाला, हा सातवा-आठवा असेल, डॉक्टर कुणाचं काही घेत नाही, त्याला वाटतं त्यात काहीतरी असेल. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "बाबूजी, आप कौनसी कंपनी के हो?" मी घरी आलो.

रिपोर्ट आला. एएनए म्हणून एक तपासणी असते, अंगातला पहारा घरच्यांवर उठला का हे सुचवणारी, ती पॉझिटिव्ह. मला वाटलं झालं, आता तरी हे डॉक्टर काहीतरी मान्य करतील. त्यांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, ही टेस्ट धडधाकट माणसातही कधी कधी पॉझिटिव्ह येते. हिच्या एकटीच्या साक्षीवर कोणाले फाशी देता येत नाही. पण दुसऱ्या टेस्टा, चेहरा, टाळू, लघवी, सगळे एकच नाव घेऊन राह्यले. आता एकच जण बोलायचा राह्यला.

असं म्हणून त्यांनी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि स्टूल कुंदाच्या समोर ओढलं.

"बाई, तुम्ही बोलू नका. मी बोलतो. माझं चुकलं तं 'नाही' म्हणा. बरोबर असलं तं गप्प बसा. गप्प बसल्यानं कोणाचा शब्द मोडत नाही."

कुंदाने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"दुखणं वाढलं तेव्हा तुमच्या जवळचं कोणीतरी भेटायला आलं."

कुंदा गप्प.

"त्यांच्या ओळखीनं पुडी आली. पेपरात बांधलेली. जडीबुटी आहे म्हणून सांगतलं."

गप्प.

"तीन दिवसांत बोटं मोकळी झाली. भूक अशी लागली का पोळ्या पुरेनात. पुडी चुकली का दुसऱ्या दिवशी उठवत नाही."

कुंदाच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, पण 'नाही' आलं नाही.

"अन् शपथ घातली. नवऱ्यालेही सांगायचं नाही. सांगतलं का औषधाचा गुण जाते."

"गुण जाते असं नाई," कुंदा हळूच म्हणाली. "सांगणाऱ्याचं दुखणं परत येते. दुप्पट होऊन येते." आणि एकदम तोंडावर पदर धरला, कारण एवढं तरी बोलून गेलीच होती.

आमच्याकडचे लोक हे समजतील. काविळीची मुळी, मुतखड्याचा पाला, दातातली कीड, या सगळ्या औषधांना इकडे ही अट असतेच. माझ्या आजोबांची कावीळ अशाच एका न सांगायच्या मुळीने गेली, असं घरात मोठ्याने सांगत. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असतं तर मी हसलो असतो, पण कुंदाला मी काय म्हणणार होतो? आणि कोण आलं होतं भेटायला, हे मला आता स्वच्छ दिसत होतं. लालबर्ऱ्याची माझी मेव्हणी, कुंदाची मोठी बहीण. तिचं प्रेम खरं होतं. तासभर बसमध्ये धक्के खात ती पुडी घेऊन आली असणार. आणि माझं बीट तेव्हा फुकट मिरवत होतं.

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, पुडीत जडीबुटीसोबत स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार, मोजमाप नसलेलं. त्याने दुखणं दाबलं जातं, जात नाही. वरून सगळं शांत आणि खाली किडनी जळते. उद्यापासून पुडी एकदम बंदही करायची नाही, ते अंगाला झेपणार नाही. त्यांनी लगेच नागपूरला आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्यादेखत पंधरा मिनिटं त्यांच्याशी भांडले, कारण त्या परवा या म्हणत होत्या आणि हे उद्या म्हणत होते.

नागपूरला किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. ल्यूपस, तोच घरच्यांवर लाठी घेऊन सुटलेला पहारेकरी. कुंदाने तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला आणि विचारलं, हा बरा होतो का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जात नाही, पण वेळेवर धरला तर ताब्यात राहतो. आणखी थोडा उशीर झाला असता तर किडनी हाती लागली नसती. मोजून दिलेलं स्टेरॉइड, आणखी एक जड औषध, आणि एक छोटी गोळी कायमची. ती गोळी बघून आमची गल्ली हादरली, कारण ती मलेरियावरही चालणारी निघाली. शेजारी म्हणाले, एवढं नागपूर करून शेवटी मलेरियाच ना? माझा जुना निकाल खरा ठरला म्हणून मी एक दिवस थोडा खूशही होतो. मग डॉक्टरांनी मला बोलावून समजावलं की तीच गोळी ल्यूपसलाही ताब्यात ठेवते, आणि त्यानंतर मी घरातल्या वैद्यपदाचा राजीनामा दिला.

पुढची दोन वर्षं ते रोज सकाळी फिरायला जाताना आमच्या फाटकाशी थांबत. आत येत नसत. काठीने फाटक वाजवत आणि म्हणत, "पाय दाखव." कुंदा फाटकाशी येऊन पाऊल पुढे करी. ते तिथूनच वाकून अंगठ्याने घोट्याजवळ दाबत, खाच पडते का बघत. नाही पडली की नाराज झाल्यासारखे पुढे जात. त्यांच्या बोलण्यातून 'बाई' कधी गेलं आणि 'तू' कधी आलं, ते आमच्या लक्षात आलं नाही. पुडीबद्दल मात्र त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. कोणी दिली, कुठून आली, काही नाही. सगळ्या गावाला उलटे प्रश्न विचारणारा माणूस हा एक प्रश्न गिळून बसला होता. कुंदानेही ना मला सांगितलं ना त्यांना. बरी झाली होती तरी तिच्या मनात ती शपथ जिवंत होती. जरा बोट दुखलं की घाबरून विचारी, अजी, त्या दिवशी मी तेवढं बोलली, तेच तं नसेल?

मग डॉक्टरांचे गुडघे गेले. मुलगा भिलाईहून न्यायला आला. दवाखान्यातलं टेबल, कपाट, पेशंटचं स्टूल, सगळं निघालं. आम्ही निरोपाला गेलो तेव्हा रिकाम्या खोलीत ते एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि बाहेर गाडीत सामान भरलं जात होतं. कुंदाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि तिथेच जमिनीवर बसली. ते म्हणाले, नागपूरची तारीख चुकवू नको, वर्षातून एकदा डोळे तपास, ती गोळी डोळ्याले त्रास देऊ शकते. ती 'हौ' म्हणाली. पण उठली नाही.

"डॉक्टरसाहेब, ती पुडी लालबर्ऱ्याच्या पुढच्या गावातून येते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हात वर केला. "राहू दे, पोरी. शब्द दिला होता ना तू. मले नाही पाहिजे."

"माझ्यासाठी नाई सांगून राह्यली." तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. "आपल्या गल्लीत तशाच पुड्या दिसल्या मले. परवा हळदीकुंकवाले गेलती तं तिथं फडताळात. समोरच्या घरची सून पण. तिचे गाल माझ्यासारखेच झालेत. कोणी कोणाले सांगत नाई. उद्या तुम्ही नसाल."

एवढं बोलून ती थांबली. मी तिच्याकडे बघितलं. दुप्पट येणारं दुखणं तिने अंगावर ओढून घेतलं होतं, आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

डॉक्टरांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "बोलावून आण."

ऊन कडक होतं. कुंदाला ऊन वर्ज्य. तिने येताना साडीवर घालून आणलेला पूर्ण बाह्यांचा सदरा पुन्हा चढवला, डोक्यावरून ओढणी घेतली, त्यावर माझी काळी छत्री धरली आणि निघाली. मी दारात उभा राहून पाहत होतो. एका घरापुढे थांबली, कडी वाजवली, आत काहीतरी बोलली. मग दुसऱ्या. बाया दारातून तिच्याकडे बघत, मग एकमेकींकडे बघत, आणि पटकन म्हणत की आमच्याकडे तसलं काही नाही.

थोड्या वेळाने समोरच्या घरची सून आली. तोंड झाकून, सासूच्या मागे. तिच्यामागून आणखी एक. त्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या, एकमेकींपासून अंतर ठेवून. बाहेर मुलाने गाडीचा हॉर्न दिला. डॉक्टरांनी खिडकीतून त्याला सांगितलं की सामानातला दिवा आणि काचेची नळी काढून आण, आणि इंजिन बंद कर, पेट्रोल जाळू नको.

मुलगा डिकी उघडून गाठोडी सोडत बसला. गल्लीच्या टोकाला काळी छत्री अजून एका दारासमोर उभी होती.